पहिली गोळी कुठं जाते? थ्री-नॉट-थ्री, एसएलआर, ड्रॅगुनोव्ह आणि मार्क्समनचं काम

इंदूरला राजेंद्र नगरात गणपतीच्या आरतीनंतर तू जे विचारलंस ना, त्याचं उत्तर प्रसाद हातात घेऊन दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, आणि अर्धवट काही सांगायची माझी तयारी नव्हती, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. तुझं म्हणणं असं होतं, की एसएलआरसारख्या (सेल्फ-लोडिंग रायफल, पुढची गोळी आपोआप चढवणारी) जुन्या मिलिटरी रायफली अजून कोतात, म्हणजे शस्त्रागारात, पडलेल्या असतात, ७.६२ मिलिमीटरची गोळी आजही सगळं जग वापरतंय, मग त्याच रायफलींवर चांगली स्कोप बसवून प्रत्येक सेक्शनमधल्या, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीतल्या, एका चांगल्या फायररला का देऊ नये, नव्या कशाला पाहिजेत. आणि दुसरं म्हणजे तुझे आजोबा ६५ च्या लढाईत होते, ते म्हणायचे की थ्री-नॉट-थ्रीसारखी, म्हणजे .३०३ च्या जुन्या ली-एनफिल्डसारखी, नेमाची रायफल परत झालीच नाही, ते खरं का काका?

मी २६ वर्षं पायदळात काढली, त्यातली निम्मी तरी वेपन ट्रेनिंगमध्ये, इंदूरजवळच्या महू छावणीतही राहणं झालं. कॉलेजात एनसीसीत थ्री-नॉट-थ्री हातात आली, भरती झालो तेव्हा एसएलआर, मग ५.५६ ची इन्सास, आणि शेवटची आठ-नऊ वर्षं पलटणीतल्या ड्रॅगुनोव्ह या रशियन रायफलवाल्या पोरांबरोबर. तेव्हा जे सांगतोय ते बऱ्यापैकी हात काळे करून शिकलेलं आहे.

आधी एक गोष्ट साफ करून घे. मार्क्समन आणि स्नायपर ही दोन वेगळी कामं आहेत, लोक सर्रास मिसळतात. स्नायपर जोडीनं जातो, एका जागी तासन्तास पडून राहतो, त्याचं अंतर ८०० मीटर आणि त्याच्याही पुढं, त्याची गोळी वेगळी, त्याची रायफल दुसरा कोणी हातात घेत नाही. मार्क्समन सेक्शनबरोबर चालतो, सेक्शनबरोबरच धावतो आणि पडतो, पाठीवर बाकीच्यांइतकंच ओझं असतं, आणि बाकीच्यांचं फायर साधारण ३०० च्या पुढं विरळ व्हायला लागतं तिथून ६०० पर्यंतची पट्टी त्याची. त्याला एक गोळी चुकली तर दुसरी लगेच टाकता आली पाहिजे, आणि कधी कधी तर घरात शिरायचं काम पण त्याच रायफलीनं करावं लागतं.

आता हिशोब बघ, सोपा आहे. एक मिनिटाचा कोन, ज्याला आपण एमओए म्हणतो, तो १०० मीटरवर साधारण ३ सेंटिमीटर होतो, म्हणजे ५०० वर १५. माणसाच्या खांद्याची रुंदी धर ४५ ते ५० सेंटिमीटर. तुझी रायफल आणि गोळी मिळून ३ एमओएची असली तर ५०० वर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पसारा, ४५ चा झाला, म्हणजे फायररनं काहीही चूक केली नाही, वाऱ्याचा अंदाज अगदी बरोबर धरला, तर कुठं गोळ्या खांद्याच्या आत राहतील. ४ एमओएची असली तर ६० चा ग्रुप, म्हणजे नेम अचूक असूनसुद्धा काही गोळ्या बाजूनं जाणारच. आणि वारा तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही, ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ७.६२ च्या साध्या बॉल गोळीला ६०० वर पाऊण मीटरहून जास्त ढकलतो. रायफलीनंच सगळी मोकळीक खाऊन टाकली तर फायररच्या वाट्याला काय उरणार.

पण ग्रुप ही अर्धी गोष्ट. मी पोरांना नेहमी पहिल्या गोळीबद्दल विचारायचो. पाच गोळ्यांचा ग्रुप तू रेंजवर काढतोस तेव्हा पहिल्या दोन गोळ्यांनी नळी गरम झालेली असते, तेल जळून गेलेलं असतं, तुझा गाल बटावर बसलेला असतो. लढाईत मार्क्समनला मिळते ती रात्रभर थंड पडलेल्या, दवात भिजलेल्या रायफलीतून सुटणारी पहिली गोळी. ती काल जिथं गेली तिथंच आज जाते का, आणि महिन्यानं, पावसाळ्यानंतर, गाडीच्या फळीवर ३०० किलोमीटर आदळत गेल्यावर पण तिथंच जाते का, एवढंच मला रायफलीकडून पाहिजे. जुन्या रायफलीची खरी परीक्षा इथं होते, आणि बहुतेक जुन्या रायफली इथंच नापास होतात, नळी चांगली असूनसुद्धा.

थ्री-नॉट-थ्रीपासून सुरू करतो कारण तुझ्या आजोबांचं नाव निघालं. आपल्याकडं जी सगळीकडे दिसायची ती एसएमएलई, म्हणजे आखूड ली-एनफिल्ड, नंबर वन मार्क थ्री, बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनायची. १९६२ नंतर इशापूरनं तोच सांगाडा जास्त चांगल्या पोलादात ७.६२ साठी बनवला, २ए आणि नंतर २ए१, १२ गोळ्यांचं मॅगझिन, २ए१ च्या बॅकसाइटवर ८०० पर्यंत आकडे. बऱ्याच जणांना वाटतं ती जुनी थ्री-नॉट-थ्री कापून केली, तसं नाही, ती नव्यानं बनवलेली होती.

हिचा बोल्ट, म्हणजे गोळी चढवून नळी मागून बंद करणारा दांडा, अजूनही जगातला सगळ्यात चपळ बोल्ट म्हणावा लागेल. हँडल जवळ जवळ ६० अंशच उचलावं लागतं, ते बरोबर ट्रिगरच्या वर येऊन थांबतं, आणि स्प्रिंग बोल्ट पुढं ढकलताना चढते म्हणून उघडताना जोर लागत नाही, गाल बटावरून न हलवता दुसरी गोळी चढते. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांच्या शिपायाला ३०० यार्डावर एका मिनिटात १५ नेमाच्या गोळ्या टाकाव्या लागायच्या, मॅड मिनिट म्हणतात ते हेच, आणि जर्मन माउझर रायफलवर ते तसं जमत नाही कारण माउझरचा बोल्ट ९० अंश उचलावा लागतो आणि मॅगझिन पाचाचं.

पण याच बोल्टमध्ये तिचं दुखणं पण आहे. लॉक होणारे कान मागं आहेत. गोळी सुटली की सगळा दाब बोल्टच्या पूर्ण लांबीतून मागं येतो आणि बॉडी केसाएवढी ताणली जाते, माउझरचे कान पुढं नळीजवळ असल्यामुळं तिथं हा प्रकार फारसा नाही. ह्या ताणण्यामुळं केस, म्हणजे गोळीचं पितळी टरफल, लवकर लांबते, हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि केसच्या बुडामधली जागा, वाढतो, आणि खूप चाललेल्या रायफलीत केस मधूनच फाटून पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. गंमत अशी की ह्याच लवचिकपणाचा लांब अंतरावर फायदा पण होतो. नळी झटका खाऊन वर उठत असते, हळू गोळी नळीत क्षणभर जास्त राहते म्हणून ती जरा वरच्या कोनात सुटते, जोरात जाणारी गोळी जरा खालच्या, आणि ९००-१००० यार्डांवर दोघी जवळ जवळ एकाच उंचीवर येतात. म्हणून जवळ साधारण दिसणारी ली-एनफिल्ड लांबच्या रेंजवर माउझर पद्धतीच्या रायफलींशी टक्कर द्यायची, इंग्लंडातल्या बिस्लीच्या मैदानावर जुने फायरर यावरच तिची शपथ खायचे. पण मार्क्समनचं काम ३०० ते ६०० चं, तिथं हा गुण नीट कामाला येत नाही.

आणि खरा शत्रू लाकूड. एसएमएलईचं लाकूड थेट तोंडापर्यंत नळीला मिठी मारून असतं, आणि त्याचा दाब कुठं किती पडतो यावर तिचं झिरो, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी जाणं, ठरतं. एक रायफल मला अजून आठवते, मे महिन्यात महूच्या रेंजवर १०० यार्डावर तिचा ग्रुप असा सुंदर, की तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत एकमेकीला चिकटून. मी स्वतः तिला वेगळी काढून ठेवली. ऑगस्टमध्ये तीच रायफल, तोच फायरर, त्याच लॉटच्या गोळ्या, आणि ग्रुप चांगली चार बोटं डावीकडं खाली. पोरगं बिचारं रडकुंडीला आलं, उस्ताद मी काहीच नाही केलं. मी त्याला घेऊन बसलो, लाकूड उतरवलं, पणतीची काजळी नळीच्या खालच्या अंगाला बोटानं पातळ लावली, लाकूड परत बसवून स्क्रू कसले आणि परत उघडलं. खाचेच्या उजव्या भिंतीवर तोंडापासून वीतभर आत काळा डाग उमटला होता, चांगला अंगठ्याएवढा, जिथं एरवी वर्तमानपत्राची पट्टी आरामात सरकायला पाहिजे. मालव्याच्या पावसानं लाकूड फुगलं आणि नळीला डावीकडं दाबत होतं, बस, एवढंच कारण. काचेच्या तुकड्यानं तेवढीच जागा खरवडली, जवसाचं तेल पाजलं, रायफल परत जागेवर आली. पण विचार कर, तो मार्क्समन असता आणि मधे कोणी तपासलं नसतं तर ४०० वर तीच चार बोटं फूटभर झाली असती.

आपल्या हवेत लाकडाची ही कटकट आधीच माहीत होती, इशापूरनं फोरएंडला, म्हणजे पुढच्या लाकडाला, तडा जाऊ नये म्हणून आडवा स्क्रू घातलेला असायचा, कुठं मिळाली तर बघ, लाकडाच्या दोन्ही बाजूंना दिसतो. पण तडा थांबला म्हणून फुगणं थांबत नाही.

दुसरी गोष्ट, जी बाहेर फार कमी लोकांना ठाऊक असते. जुनी रायफल गोळ्यांनी कमी आणि पुलथ्रूनं, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीनं, जास्त मरते. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी कोतात जमा करायच्या आधी पोरं पुलथ्रूला चिंदी बांधून दोरी तिरकी ओढतात, दोरीत धूळ भरलेली असते, ती करवतीसारखी नळीचं तोंड एका बाजूनं घासत जाते. शेवटी तोंड गोल न राहता किंचित लांबट होतं आणि गोळी सुटताना मागून येणारा गॅस एका बाजूनं आधी निसटतो, गोळीला तिथंच धक्का. आम्ही ड्रिल कार्ट्रिजची गोळी उलटी करून टोकाकडून नळीच्या तोंडात घालून बघायचो, चांगल्या नळीत ती मधेच घट्ट थांबते आणि चारी बाजूंनी सारखं पितळ दिसतं, खराब नळीत ती आत उतरते आणि एका बाजूला फट दिसते. आत राइफलिंग, म्हणजे नळीतले पीळदार चर, आरशासारखी चमकत असेल आणि तरी रायफल ५ एमओएची निघेल, कारण शेवटचा एक सेंटिमीटर गेलेला असतो. रेकॉर्डमध्ये मात्र लिहिलेलं असतं, फक्त ७०० राउंड फायर.

आणि बोल्टचे नंबर बघायचे, बॉडीवर एक आणि बोल्टवर दुसरा असेल तर ती रायफल मार्क्समनला द्यायचीच नाही. साफसफाईत वीस रायफली एकदम उघडल्या की बोल्ट बदलतात, एक कान घासतो दुसरा नुसता टेकतो, मग ग्रुप आडवा पसरतो आणि कोणाला कळत नाही का.

गोळीचं पण सांगतो. थ्री-नॉट-थ्रीची मार्क सेव्हन गोळी १७४ ग्रेनची, तोंडाशी वेग सेकंदाला २४४० फूट, आणि तिचं टोक आतून हलकं, अॅल्युमिनियम किंवा लाकडाच्या लगद्यासारख्या पदार्थाचं, त्यामुळं वजन मागं. कागदावर आजही वाईट नाही. पण आतलं कॉर्डाइट फार तापट जळतं, नळीचा गळा खातं, आणि गोळीच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या जुन्या टोप्यांतलं मीठ नळीत राहतं, उकळतं पाणी ओतून धुतलं नाही तर दोन दिवसांत गंज. जुन्या लॉटमधल्या गोळ्यांत हँगफायर व्हायचे, म्हणजे ट्रिगर दाबला, टक आवाज आला, आणि फायररनं "मिस" म्हणून मान वर करेपर्यंत धाड. एका कॅम्पात एका पोरानं टक ऐकून बोल्ट उघडायला हात घातला होता, मी त्याचा हात दाबून धरला आणि त्याच क्षणी गोळी सुटली. तेव्हापासून माझ्या रेंजवर टक झाल्यावर तीस सेकंद कोणी हलायचं नाही हा नियम होता आणि मी तो कधी सैल केला नाही. अशा गोळीनं मार्क्समनचं काम करायचं म्हणजे रायफल कितीही चांगली असली तरी ती वायाच.

आता तुझा मुख्य प्रश्न, एसएलआर. मी स्वतः हिच्यावर मोठा झालो, हिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. गॅस रेग्युलेटर आहे, धुळीत-चिखलात फिरवून दाब वाढवता येतो, २० गोळ्या, ४०० मीटरवर पण गोळीचा जोर टिकून असतो. ७.६२ गोळीबद्दल तर तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आपल्याच सेनेनं २०१९ मध्ये ७२,४०० एसआयजी ७१६ घेतल्या त्या ७.६२ च्याच, ५.५६ वर इतकी वर्षं काढल्यावर. अमेरिकेची पण तीच कथा, १९५७ मध्ये स्वीकारलेली एम १४ साठच्या दशकात बाजूला काढली, आणि अफगाणिस्तानात डोंगरावरून ५०० च्या पुढून फायर यायला लागलं तेव्हा तीच गोदामातून परत काढली. तिथल्या मुजाहिदीनांनी पण त्याआधी रशियनांच्या एके-७४ ला लांबून थ्री-नॉट-थ्रीनंच सतावलं होतं. उघड्या दऱ्याखोऱ्यांत लांब गोळीचं महत्त्व कधी कमी झालंच नाही.

पण एसएलआरवर स्कोप बसवायची कुठं, ते सांग. वर जे आहे ते पत्र्याचं कव्हर, खाचेत मागून सरकतं. इंग्रजांनी त्यांच्या एल१ए१ वर चारपट मोठं दाखवणारी ट्रायलक्स साइट बसवली ती याच जागी, जाड मजबूत कव्हर करून, आणि ती बरी चालली, पण तिथं सुद्धा साफसफाईला कव्हर उतरवलं की झिरोचा भरवसा संपला. आम्ही एकदा करून पाहिलं होतं, एका रायफलवर कव्हर पाच वेळा काढून लावलं, दर वेळी एक गोळी, आणि पाच गोळ्या पाच दिशांना, एकीचा दुसरीशी संबंध नाही. त्याच फायररनं त्याच दुपारी लोखंडी साइटवर त्याच्यापेक्षा चांगला ग्रुप काढला. पोरं हसली, मला हसू आलं नाही, कारण त्यातून कळलं की ह्या रायफलीला स्कोपनं सुधारता येत नाही, बिघडवता मात्र येतं.

आणि लोखंडी साइटची पण एक खोच आहे. एसएलआरची बॅकसाइट खालच्या भागावर, फोरसाइट वरच्या भागाला जोडलेल्या नळीवर, आणि दोन्ही भाग मधे बिजागरीसारखे उघडतात. नव्या रायफलीत हा सांधा घट्ट असतो, पंचवीस वर्षं उघडबंद केल्यावर अंगठ्यानं हलवला की टिकटिक वाजतो. तेवढी टिकटिक म्हणजे नेम आणि नळी यांच्यातली फारकत. रायफल घेताना मी आधी बट काखेत धरून ती टिकटिक ऐकायचो, मग बाकीचं.

सिलिंगचं, म्हणजे रायफलीच्या पट्ट्याचं, पण तसंच. पुढची सिलिंगची कडी नळीच्याच गॅस ब्लॉकला. पडून फायर करताना पोरगं सिलिंग दंडाला आवळून बसतं, जितकं जास्त आवळलं तितकी नळी ओढली जाते, आणि ३०० वर ग्रुप खाली जातो. भिंतीवर नळी टेकवली तर वर जातो. आजच्या मार्क्समन रायफलीत नळी मोकळी तरंगते, हँडगार्डला कितीही ओढा ढकला, नळीला त्याचा पत्ता नाही. नवी रायफल घेण्यामागचं माझ्या मते हेच पहिलं कारण, बाकी रेल, फ्लॅशलाइट, घडीचं बट सगळं नंतर. ट्रिगर तर तीन-चार किलोचा, वाळूतून बैलगाडी ओढल्यासारखा, पण त्याची सवय होते, मी त्याला मोठा दोष मानत नाही.

तू म्हणशील अमेरिकेनं एम १४ ला तर सुधारलं. हो, पण कशाच्या जोरावर ते बघ. एम २१ म्हणून तिची स्नायपर रायफल केली तेव्हा लाकडाच्या आत काचेसारख्या रसायनाचं बेडिंग भरावं लागलं, ते काही काळानं चुरतं, परत भरावं लागतं, त्यासाठी खास आर्मरर, आणि फायररला सांगून ठेवलेलं की रायफल उगाच लाकडातून काढू नकोस. पुढं अॅल्युमिनियमचा पूर्ण सांगाडाच घातला, मग स्थिर झाली, पण वजन पाच किलोच्या पार गेलं. म्हणजे शेवटी जुन्या रायफलीतलं फक्त पोट उरलं, बाकी सगळं नवं. इंग्रजांनी १९७० मध्ये एल४२ केली ती त्याहून साधी आणि मला जास्त पटते, दुसऱ्या महायुद्धातल्या ली-एनफिल्ड नंबर फोर स्नायपर रायफलींच्या बॉडी घेतल्या, त्यावर ७.६२ ची नवी जाड नळी, पुढचं लाकूड अर्ध्यात कापून नळी मोकळी केली, जुन्या नंबर ३२ स्कोपवर आकडे नव्या गोळीचे टाकले. ती फॉकलंडला पण गेली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिची जागा दुसरीनं घेतली. त्यांनी काय बदललं ते नीट बघ, नळी, लाकूड, गोळी. बोल्टची मूळ रचना तशीच ठेवली कारण ती चांगलीच होती. जुन्या रायफलीतून मार्क्समन रायफल काढायची तर रस्ता हाच, नुसती वर काच बसवून होत नाही.

आता ड्रॅगुनोव्ह. १९६३ ची, म्हणजे तीही आता म्हातारीच, आणि तिची गोळी तर १८९१ ची, जुन्या रशियन मोसिन-नागां रायफलवाली, बुडाला काठ असलेली. पण ही पहिल्यापासून मार्क्समनसाठीच जन्मली. लोक तिला स्नायपर म्हणतात आणि मग १००० मीटरवर नाव ठेवतात, ते तिच्यावर अन्याय आहे. रशियनांनी तिला तुकडीत एकाच्या हातात द्यायला बनवलं, म्हणून तर तिला संगीन लावायची जागा आहे, स्नायपर रायफलीला संगीन कशाला लागते. पीएसओ-१ स्कोप चारपट, बाजूच्या रेलवर बसते, खाली डाव्या कोपऱ्यात वक्र रेघ असते, त्यात उभा माणूस मावला की अंतर आलं, हिशोब १.७ मीटर उंचीच्या माणसाचा. मी पोरांना सांगायचो आधी बघ तो उभा आहे की पाण्यात गुडघाभर, नाहीतर ४०० चा माणूस तुला ५०० च्या पुढचा दिसेल. चांगल्या गोळीनं ती २ एमओएच्या आसपास राहते, ६०० पर्यंत मार्क्समनला पुरे आहे. रशियनांनी तिच्यासाठी ७एन१ नावाची वेगळी गोळी काढली होती, मशीनगनची साधी गोळी घातली की ग्रुप लगेच पसरतो. सत्तरच्या दशकात नळीचा पीळ ३२० मिलिमीटरवरून २४० केला, चिलखतभेदी गोळीसाठी, आणि त्यात थोडी अचूकता गेली. नळी बारीक, दहा-पंधरा गोळ्या भरभर टाकल्या की मृगजळ थेट नळीवरून उठायला लागतं.

तिच्यातला माझा सगळ्यात मोठा त्रास माउंटच्या खटक्याचा. तो खटका घट्ट बसला नाही की स्कोप केसभर हलते. एका फायरिंगला एक चांगला, खरंच चांगला पोरगा लागोपाठ तीन गोळ्या उजवीकडं टाकून बसला आणि स्वतःवरच चिडला, श्वास, ट्रिगर, सगळं बदलून बघायला लागला. मी त्याला थांबवलं, दोन बोटांनी स्कोप धरून हलवली, खडक असायला पाहिजे तिथं खुळखुळा. खटक्याची गोल मळसूत्री चावी दोन दाते फिरवून परत दाबला, पुढची गोळी बुल, म्हणजे टार्गेटच्या मध्यात. फायररनं स्वतःला दोष द्यायच्या आधी स्कोप हलवून बघायची, हे मी नंतर सगळ्यांच्या अंगवळणी पाडलं.

पोलिसांचं काम वेगळं आहे, तेही दोन शब्दांत सांगतो कारण तू तिकडं पण फॉर्म भरणार आहेस म्हणालास. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या २६ जानेवारीच्या परेडमध्ये थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला, बऱ्याच ठिकाणी ती ह्याच काळात गेली. पोलिसांच्या नेमबाजाला अंतर ५०-१०० मीटरचं, पण ओलीस धरणाऱ्याचं डोकं खिडकीतून चार बोटं दिसतंय आणि शेजारी दुसऱ्याचं लेकरू, तिथं ४ एमओए म्हणजे १०० मीटरवर १२ सेंटिमीटर, अजिबात चालत नाही. आणि पूर्ण जॅकेटची मिलिटरी गोळी आरपार जाते. राजवाड्याच्या मागच्या बोळात, सराफ्यात रात्री गर्दीत अशी गोळी कुठं जाऊन थांबेल विचार कर. तिथं जुन्या मिलिटरी रायफलीला माझा साफ नकार आहे, कितीही स्वस्त पडो.

मग जुनीचा उपयोग कुठं? शिकवायला. जो मुलगा उघड्या साइटवर, वाऱ्याचा अंदाज घेऊन, बोल्ट रायफलनं ३०० वर नीट ग्रुप काढतो, त्याच्या हातात पुढं काहीही द्या. पाच वेळा ट्रिगर दाबून एक लागेल असा त्याचा विचारच नसतो. सिमो हाय्हा, १९३९-४० च्या हिवाळी युद्धातला फिनलंडचा शेतकरी, त्यानं मोसिनच्या फिनिश बनावटीच्या रायफलवर लोखंडी साइटच ठेवली, स्कोपला डोकं वर काढावं लागतं आणि थंडीत काच धुरकटते म्हणून. त्याच्याकडून शिकायचं ते हे, की त्याला आपली एकच रायफल आतून बाहेरून ठाऊक होती. दुसरा उपयोग, जिथं काहीच नाही तिथं. एखाद्या नाक्यावर चार जणांत एक चांगली तपासलेली २ए१ आणि एकच लॉटच्या शंभर गोळ्या असतील तर ४०० पर्यंत तो नाका मी सांभाळून दाखवेन. आणि घरी ठेवायचा विचार मनात असेल तर तो काढून टाक, .३०३ आणि ७.६२ दोन्ही आपल्याकडं प्रतिबंधित बोअर आहेत, सिव्हिलियनला लायसन्सवर मिळते ती .३१५, तिचा बोल्ट ली-एनफिल्डचाच आहे पण गोळी वेगळी.

तुझ्या आजोबांचं म्हणशील तर त्यांना मी खोटं ठरवणार नाही. ६५ ला एसएलआर नुकती पलटणींमध्ये पोचत होती, बऱ्याच जणांच्या हातात थ्री-नॉट-थ्रीच होती, आणि त्या वेळची रायफल, त्या वेळची ताजी गोळी, एकाच माणसाच्या नावावर वर्षानुवर्षं राहिलेला एकच बट नंबर, ती खरंच नेमाची होती. त्यांनी जी पाहिली ती नंतर चाळीस वर्षं पुलथ्रू खाऊन आलेली नव्हती. इंदूरलाच बिजासनजवळ बीएसएफच्या सीएसडब्ल्यूटी या शस्त्र-प्रशिक्षण केंद्रात शस्त्रांचं संग्रहालय आहे, परवानगी काढून एकदा जा, एसएमएलई आणि नंबर फोर दोन्हीची बॅकसाइट कुठं बसवली आहे तेवढं बघ. एसएमएलईची नळीवर, डोळ्यापासून लांब, उघडी खाच. नंबर फोरची मागं डोळ्याजवळ, भोकाची. दोन साइटमधलं अंतर वाढलं की तीच चूक कमी दिसते आणि चाळिशीनंतरच्या डोळ्याला भोकातून फोरसाइट स्वच्छ दिसते.

आणि पुढं-मागं तुझ्या हातात सरकारी रायफल येईल तेव्हा पहिल्या दिवसापासून एक छोटी वही ठेव. रेंजवर गेल्यावर ग्रुपच्या आधी एकच थंड गोळी वेगळ्या टार्गेटवर, तारीख, हवा, गोळीचा लॉट, आणि बुलपासून किती बोटं कुठं. बारा-पंधरा नोंदी झाल्या की ती रायफल तुला काय देणार आणि काय नाही ते त्या वहीत असेल. माझी एसएलआरची वही अजून आहे, सुदामा नगरला घरी ये एखाद्या रविवारी सकाळी, पोहे खाऊ आणि ती दाखवतो, त्यात जुलै ते सप्टेंबरच्या सगळ्या नोंदी लाल पेननं आहेत.